आउटविथ: बाबांच्या लॉगबुकातला शब्द

अन्याय माझ्या बाबांवर झाला. गेल्या वर्षी, ईदची सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या रविवारी, सकाळी सातला दहा मिनिटं कमी असताना, शिफ्ट बदलायच्या वेळी, अकरा माणसांच्या देखत. वार, वेळ, माणसं सगळं मुद्दाम लिहिते आहे. कॉलेजात पत्रकं काढायचे तेव्हा आमच्या संघटनेतल्या ताईंनी हेच आधी शिकवलं होतं. कोणावर, कधी, कोणासमोर, हे पहिल्या ओळीत यायला हवं. नाहीतर समोरचा अन्यायाला गैरसमज म्हणून मोकळा होतो.

बाबा बहरीनमध्ये समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका प्लांटवर टेक्निशियन आहेत. गेल्या वर्षी बावीस वर्षं झाली. अकोल्याच्या आयटीआयमधून फिटर होऊन आले, तेव्हापासून तेच यार्ड, तेच पंप, तोच खारट वारा. आणि तेच लॉगबुक. लॉगबुक म्हणजे जाड पुठ्ठ्याची मोठी वही. कुठला पंप किती वाजता चालू केला, प्रेशर किती, पाण्यात मीठ किती राहिलं, काय बिघडलं, काय बंद केलं, हे प्रत्येक शिफ्टनं तिच्यात हातानं लिहायचं. वहीला सुती दोरीनं एक पेन बांधलेलं असतं.

आमच्या प्लांटवर एक जुनी रीत आहे. नवीन शिफ्टचा माणूस आला की आधीच्या शिफ्टची शेवटची ओळ मोठ्यानं वाचतो. मग आपण आता काय करणार ते स्वतःच्या शब्दांत सांगतो. हिंदीत सांगा, अरबीत सांगा, मोडक्या इंग्रजीत सांगा, चालतं. समोरच्यानं मान हलवली की पेन त्याच्या हातात जातं. मान हलली नाही तर दोघं परत पंपापाशी जातात. साधी गोष्ट आहे, पण याच रीतीमुळे वेगवेगळ्या देशांतली माणसं एकमेकांचे जीव सांभाळत आली आहेत.

त्या रविवारी शेवटची ओळ बाबांची होती. इंग्रजीत लिहिलेली. तीन नंबर पंपाचं व्हायब्रेशन ‘आउटविथ लिमिट्स’, पंप बंद केला. एवढीच.

गुणवत्ता विभागाचा मॅनेजर तेव्हा कंट्रोल रूममध्ये होता. नवीन आलेला, पुण्याचा, म्हणजे आपलाच माणूस. त्यानं वही ओढली आणि लाल पेनानं त्या शब्दाभोवती गोल काढला.

“हे काय आहे? आउटविथ? असा शब्दच नाही इंग्रजीत. आउटसाइड आणि विदाउटची भेळ केलीय.”

एक जण हसला. मग मॅनेजर मराठीकडे वळला. आवाज मऊ करून.

“काका, वाईट वाटून घेऊ नका. पण हे सेफ्टीचं प्रकरण आहे. उद्या कोणी घाईत ‘विदाउट लिमिट्स’ वाचलं तर? लेखी इंग्रजीची परीक्षा द्या, पास व्हा, मग लिहा. तोपर्यंत लॉग दुसरं कोणी लिहील.”

आणि त्यानं दोरीची गाठ सोडली, पेन काढलं आणि सगळ्यात नव्या ऑपरेटरच्या हातात दिलं. तो पोरगा बिचारा लाजून लाल झाला. बाबा म्हणाले, “ओके सर.”

हे मला कोणी सांगितलेलं नाही. त्या अकरांतली एक मी होते. मी त्याच प्लांटवर कागदपत्रांची क्लार्क आहे. रोज सकाळी लॉगची पानं स्कॅन करून कॉम्प्युटरवर टाइप करायची, हे माझं काम. मी स्कॅनर छातीशी धरून दारात उभी होते.

आता यात काय मोठं, असं वाटत असेल तर ऐका. आमच्या शिफ्टचा इन-चार्ज पुढच्या महिन्याच्या शेवटी रिटायर होणार होता. त्याच्या जागी बाबांचंच नाव होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. पण जो लॉग लिहू शकत नाही तो इन-चार्ज होऊ शकत नाही, असा नियम. म्हणजे त्या एका लाल गोलात बावीस वर्षं गेली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी माणसाला इंग्रजीच्या पेपरला बसवणार, आणि बसला नाही तर कालच्या पोराच्या हाताखाली ठेवणार. एका शब्दापायी.

आणि आता माझा गुन्हा. तोही वेळेसकट.

त्या रविवारच्या तीन आठवडे आधी मॅनेजरनं मला ईमेल केली होती: हस्तलिखित लॉगमध्ये ‘आउटविथ’ दिसलं की टाइप करताना ‘आउट ऑफ’ करावं. मी केलं. रोज केलं. कोणाचं अक्षर आहे ते पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तरी केलंच असतं, कारण मलाही तो शब्द चूकच वाटत होता. मी नऊ वर्षांची असताना बाबांनी माझ्या शाळेत चिठ्ठी दिली होती, मुलीला ‘आउटविथ स्कूल अवर्स’ भेटता येईल का म्हणून. बाईंनी शब्दाखाली रेघ मारली. मी घरी येऊन म्हटलं, “बाबा, यापुढे चिठ्ठी मी लिहीन, तुम्ही फक्त सही करा.” बाबा म्हणाले, “बरं.” म्हणजे त्यांच्या हातून पेन पहिल्यांदा काढलं ते मी.

बाबांच्या मराठीचंही तेच. आम्ही उम्म अल हस्सम भागात राहतो. खाली कोल्ड स्टोअर, म्हणजे इथलं किराणा दुकान, वर आमचं दोन खोल्यांचं घर. घरात वऱ्हाडी चालते. बाहेर मराठी लोकांच्या कार्यक्रमात बाबांनी तोंड उघडलं की बायका म्हणायच्या, “अय्या, किती गोड बोलता हो तुम्ही!” ‘गोड’ म्हणजे काय ते मला लवकर कळलं. बाबांनाही कळलं असणार. ते हळूहळू फक्त खुर्च्या मांडायला जायला लागले. तर अशी दोन भाषांची कथा. मराठी चुकीच्या गावात शिकले आणि इंग्रजी, मॅनेजरच्या मते, कुठेच शिकले नाहीत.

पण शिकले होते. हे मी त्या रविवारी संध्याकाळी पहिल्यांदा विचारलं. माझ्या पंचवीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा.

“बाबा, हा शब्द तुम्हाला कुठून मिळाला?”

“फोरमनकून. म्हाताऱ्याकून.”

म्हातारा म्हणजे बाबा आले तेव्हाचे फोरमन. स्कॉटलंडचे. बाबांना इंग्रजी वाचता यायचं, लिहिता येत नव्हतं. फोरमननी त्यांना रोज चहाच्या सुट्टीत शेजारी बसवून लॉग लिहायला शिकवलं. मोठ्यानं वाचून दाखवायची रीतही त्यांचीच. त्यांनी ‘विदिन लिमिट्स’ आणि ‘आउटविथ लिमिट्स’ अशी दोनच वाक्यं पहिल्या महिन्यात घोटून घेतली. आत आहे की बाहेर आहे. बाकीचं इंग्रजी नंतर, म्हणाले. ते आता ऐंशीच्या पुढचे आहेत, गावी असतात, नवीन वर्षाला बाबांना मेसेज येतो. मी गुरुवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर आधी छत दिसलं, मग कपाळ, मग ते.

मी सगळं सांगितलं. त्यांना काही केल्या प्रश्नच कळेना.

“आउटविथमध्ये काय चूक आहे?”

“आमचे मॅनेजर म्हणतात, तो इंग्रजी शब्द नाही.”

“मग ते काय म्हणतात?”

“आउट ऑफ. किंवा आउटसाइड.”

“आउटसाइड म्हणजे अंगण. अंगणाचा इथे काय संबंध?” मग बाजूला तोंड करून बायकोला ओरडून विचारलं, “ऐकलंस? आउटविथ हा शब्दच नाही म्हणे!” आतून बाईंचा आवाज आला तो मला कळला नाही, पण हसणं कळलं. आयुष्यभर तो माणूस तो शब्द बोलला, लिहिला, अर्ध्या जगातल्या फिटर लोकांना शिकवला, आणि तो फक्त आपल्याच मुलखात चालतो हे त्याला माहीत नव्हतं! नंतर मी वाचलं की हे त्यांच्याकडे नेहमीच होतं. तिथले वकील, शिक्षक, सरकारी बाबू सगळे रोज कागदावर हा शब्द लिहितात आणि साऱ्या इंग्रजी जगाला तो येतो असं समजतात.

मी वाचत सुटले. हे माझं आवडीचं काम. शत्रूचा मुद्दा घ्यायचा आणि तो मुळापासून उपटायचा.

तर शब्द असा आहे. ‘विदिन’ म्हणजे आत, हद्दीत. त्याच्या बरोबर उलट ‘आउटविथ’, हद्दीबाहेर. स्कॉटलंडच्या बोलीत आणि कागदांत तो कित्येक शतकं आहे. एकेकाळी इंग्लंडात ‘विदाउट’चाही अर्थ ‘बाहेर’ असाच होता. शहराच्या भिंतीविदाउट म्हणजे भिंतीबाहेर. पुढे ‘विदाउट’ म्हणजे ‘शिवाय’, ‘नसलेला’, हाच अर्थ चिकटला आणि बाहेरची जागा रिकामी झाली. इंग्लंडनं ती जागा भरायला दोन-दोन तीन-तीन शब्द वापरले. स्कॉटलंडला गरजच पडली नाही, त्यांच्याकडे नेमका शब्द होता. ‘इनविथ’ही होता एकेकाळी, तो मेला. हा जगला.

अर्थ तीन. एक, जागेचा: गावाबाहेर, वेशीबाहेर. दोन, वेळेचा: ऑफिसच्या वेळेबाहेर, शाळेच्या वेळेबाहेर. म्हणजे बाबांची ती चिठ्ठी अक्षरन् अक्षर बरोबर होती, आणि बाईंनी मारलेली रेघ चूक होती, आणि मी चूक होते. तीन, आवाक्याचा: माझ्या अधिकाराबाहेर, आटोक्याबाहेर, मर्यादेबाहेर. मशीनवाल्यांचा अर्थ तो हा.

पहिल्या अर्थाशी मी बराच वेळ थांबले. त्यांच्या जुन्या नगरांच्या दप्तरांत लिहिलेलं सापडतं, नगराच्या आउटविथ राहणाऱ्यांनी आत येऊन काय विकावं, काय विकू नये. वाचताना मला भाषांतर करावंच लागलं नाही. गावकुसाबाहेर. आमच्या घरात या शब्दाचा अर्थ कोणी कोशात बघत नाही. माझे आजोबा तिथेच जन्मले. दूरच्या थंड मुलखातल्या कोणा कारकुनानं आपल्या वहीत वेशीबाहेरच्या माणसांसाठी जो शब्द लिहिला, तोच माझ्या बाबांच्या वहीत आला, आणि त्यावरून बाबांना वहीच्या बाहेर काढलं. राग किती आला असेल सांगा.

मी पत्रक काढलं. ए-फोर, दोन्ही बाजूंनी, मध्ये घडी. हूरा भागातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. तो म्हणाला, “किती?” मी म्हटलं, “चाळीस.” तो म्हणाला, “लग्न?” मी म्हटलं, “भांडण.” त्यानं कागद जरा जाड लावला. वर मोठ्या अक्षरांत मथळा: ‘हा शब्द खानदानी आहे!’ खाली सगळा पुरावा, शतकं, कोर्टाचे कागद, राजांचे कागद, कोशातल्या नोंदी. रविवारी सकाळी एक कँटीनच्या बोर्डावर लावलं, एक मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं, बाकी वाटली.

अकरा वाजता मॅनेजरनं मला बोलावलं. पत्रक त्याच्या हातात होतं आणि तो हसत होता. रागावला असता तर बरं झालं असतं.

“छान अभ्यास केलायस. खरंच. पण तूच लिहिलंयस बघ इथे, कोशात याच्यापुढे कंसात ‘स्कॉटिश’ लिहिलेलं आहे. म्हणजे बोलीभाषा. आपण इंटरनॅशनल प्लांट आहोत. इथे प्रमाण इंग्रजी चालतं. उद्या मी लॉगमध्ये सदाशिव पेठेतलं मराठी लिहिलं तर चालेल का?”

“ते तुम्ही प्रमाणच समजता, सर.”

हसणं थांबलं. “बोर्डावरचा कागद काढ. आणि काकांना सांग, परीक्षा येत्या महिन्यात आहे. मी पेपर सोपा काढायला सांगतो, इंशाल्ला.”

मी हरले होते. माझ्याच पुराव्यानं. पत्रक खाली आलं.

खरा डाव मात्र घरी उलटला. शुक्रवारी सकाळी आम्ही खुब्ज, म्हणजे इथली भट्टीतली रोटी, आणि ठेचा खात बसलो होतो, खुब्ज गल्लीतल्या बेकरीतला, ठेचा आईचा. बाबांनी खिशातून माझं पत्रक काढलं. घडी नीट उलगडली.

“हे तू लेह्यलं?”

“हो.”

“खानदानी?”

“म्हणजे जुना, बाबा. राजांच्या कागदात आहे. कोर्टात आहे…”

“अव माय, शब्दाची जात काढून राह्यली तू!”

त्यांनी मथळ्यावर बोट ठेवलं.

“त्याचा बाप कोन, आजा कोन, कोन्या राजाच्या घरचा हाय. मंग माह्या तोंडातला शब्द कोन्या राजाच्या कागदात नसन तं तो चूक? ‘का’ले आपून ‘काऊन’ म्हनतो, तो कोन्या राजानं लेह्यला? तुह्या आजीचे शब्द कोन्या कोर्टात हायेत? तो साहेब म्हनते शब्द हलका हाय, तू म्हनतं ऊच्च हाय. दोघं बी तेच पाहून राह्यले, जन्म कुठचा!”

बावीस वर्षं ‘ओके सर’ म्हणणारा माणूस हा. विहारात दर आठवड्याला वंदना म्हणणारी मी, जन्मावरून माणूस मोजू नये म्हणून चौकात ओरडलेली मी, आणि पहिलं भांडण स्वतःच्या घरचं आलं तेव्हा वंशावळ काढून बसले.

“मग काय करू?” मी विचारलं.

“त्या केरळच्या पोराले समजते का? फिलिपिनोले समजते का? समजते तं बरोबर. नाही समजलं तं मी सोडून देतो, खलास. पंप वेळेवर बंद होनं पाह्यजे.”

आई आतून म्हणाली, “एवढं तं मी बी सांगतलं असतं. मले कोनी इचारलंच नाही.”

त्याच दुपारी मी दुसरं पत्र लिहिलं. एकच पान, एकच बाजू. मथळा नाही, शतकं नाहीत. पत्ता प्लांटच्या प्रमुखांचा. ते बहरीनी, जिदहफ्स गावचे, स्वतः ऑपरेटर म्हणून लागलेले आणि चढत गेलेले. लिहिलं ते इतकंच: मॅनेजर म्हणतात हा शब्द धोक्याचा आहे. धोका आहे की नाही हे कोश सांगणार नाही, शिफ्ट सांगेल. आपल्या प्लांटवर ओळ वाचून दाखवायची रीत आहेच. सहा ऑपरेटर बोलवा. त्यांना बाबांची ओळ वाचायला द्या, आणि मॅनेजरना जी ओळ हवी आहे तीही द्या. काय कराल ते विचारा. बाबा हरले तर परीक्षेला बसतील.

शेवटचं वाक्य बाबांना विचारून घातलं. ते म्हणाले, “घाल.” आईनं मात्र दोघांकडे अशी नजर टाकली की ती मी इथे लिहीत नाही.

बुधवारी दुपारी दोन वाजता ट्रेनिंग रूममध्ये बोलावलं. प्रमुख टेबलावर बसले, खुर्चीवर नाही. मॅनेजर फाइल घेऊन. बाबा कोपऱ्यात, इस्त्रीचा युनिफॉर्म. मी नोंद घ्यायला. ऑपरेटर बाहेर कॉरिडॉरमध्ये, एकेक करून आत यायचे, आणि ज्याचं झालं त्यानं आतच बसायचं, बाहेर जाऊन कोणाला सांगायचं नाही. मॅनेजरनं भाषण सुरू केलं तसे प्रमुख म्हणाले, “मफी भाषण.” म्हणजे भाषण नकोच. “यल्ला, दाखवा.”

पहिला केरळचा. बाबांची ओळ वाचली. “व्हायब्रेशन आउटविथ लिमिट्स. पंप बंद. इन-चार्जला फोन. झालं.” आमच्याकडे असं बघितलं, जणू दोन अधिक दोन विचारलंय.

दुसरा फिलिपिनो. तेच. तिसरा नेपाळचा, तेच, वर म्हणाला, “दुसऱ्या पंपावर लोड घेतो.” चौथा बांगलादेशचा, पाचवा तामिळ, तेच, तेच. सहावी एक तरुण बहरीनी ट्रेनी, सहा महिने झालेली. तिनं ओळ वाचली, खांदे उडवले.

“बर्रा, बाहेर. लिमिटच्या बर्रा. पंप बंद.”

“हा शब्द तुला कोणी शिकवला?” प्रमुखांनी विचारलं.

तिनं बाबांकडे बोट केलं. “अंकलनी. पहिल्या दिवशी. विदिन आणि आउटविथ.”

मग मॅनेजरची ओळ. त्यानं ती स्वतः तयार केली होती, नव्या फॉर्मसाठी, ‘आउट ऑफ’ही बाजूला ठेवून, प्रमाण इंग्रजीत: पॅरामीटर डेव्हिएशन नोटेड. पुन्हा सहाही जण बाहेर, मग एकेक करून आत, क्रम उलटा. ट्रेनी म्हणाली, परत रीडिंग घेईन. तामिळ ऑपरेटर म्हणाला, इन-चार्जला विचारेन. बांगलादेशचा म्हणाला, पंप बंद करेन, मग म्हणाला, नाही, आधी बघेन. नेपाळच्यानं विचारलं, किती डेव्हिएशन? ते लिहिलेलं नव्हतं. फिलिपिनो म्हणाला, लिहून ठेवलंय म्हणजे कोणीतरी बघितलंच असेल. आणि केरळचा म्हणाला, “सर, डेव्हिएशन तर रोजच असतं. आधी करक चहा पिऊन येतो.”

खोलीत हशा झाला. या वेळी कोणावर, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मॅनेजर म्हणाला, “पण ट्रेनिंग दिल्यावर…”

“ट्रेनिंग झालेलं आहे,” प्रमुख म्हणाले. “या माणसानं दिलंय. बावीस वर्षं.” मग वहीवर हात ठेवून त्यांनी निकाल सांगितला आणि मी शब्दन् शब्द नोंदवला. लॉग शिफ्टवरचा माणूस लिहील. भाषेची परीक्षा रद्द. प्लांटच्या मान्य शब्दांच्या यादीत ‘आउटविथ’ घालावा, आणि यादीतला प्रत्येक पुढचा शब्द याच पद्धतीनं, वाचून दाखवून, पास व्हावा. पेन ज्या जागी, ज्या वेळी काढलं, त्याच जागी, त्याच वेळी परत द्यावं. उद्या. आणि ज्यानं काढलं त्यानंच.

गुरुवारी सकाळी सातला दहा मिनिटं कमी असताना कंट्रोल रूममध्ये अकरापेक्षा बरीच जास्त माणसं होती. ज्यांची शिफ्ट नव्हती ते टिफिन घेऊन आले होते. मॅनेजरनं पेन पुढे केलं.

“काका, गैरसमज नको.”

कामावर बाबा त्याच्याशी कधी मराठीत बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले, सगळ्यांसमोर, आमच्या घरच्या मराठीत.

“गैरसमज काऊन होईन, साहेब? तुम्ही म्हनाले तवाच मले समजलं होतं. आता तुमाले समजलं, बरं झालं.”

मराठी कळणारे आम्ही तिघंच होतो, पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. बाबांनी दोरीला गाठ मारली, दोनदा ओढून बघितली, वही उघडली आणि लिहिलं. त्या सकाळी योगायोगानं सगळंच विदिन होतं. त्यांनी तसंच लिहिलं. उगाच एखादं रीडिंग बाहेर दाखवून शब्द मिरवायचा मोह मला झाला असता. त्यांना नाही.

जुना इन-चार्ज रिटायर झाला आणि एक तारखेला बाबा इन-चार्ज झाले. युनिफॉर्मच्या खिशावर नवीन पट्टी आली, आईनं ती दोन वेळा शिवली. मी माझं काम केलं: कॉम्प्युटरवरच्या ज्या ज्या पानांत मी तो शब्द मारला होता, ती सगळी काढून, मूळ वहीशी ताडून, परत लिहिली. कोणी सांगितलं नव्हतं. मॅनेजरला कळवलं, कॉपी प्रमुखांना टाकली. त्याचं उत्तर आलं, ‘नोटेड’.

फोरमनना निकाल कळवला. त्यांचा मेसेज आला: अभिनंदन, पण त्या माणसाला नेमकं काय कळत नव्हतं ते मला अजून कळलेलं नाही.

आता बाबा नवीन ऑपरेटरना स्वतः शिकवतात, चहाच्या सुट्टीत, शेजारी बसवून. कार्यक्रमात गेले तर खुर्च्या मांडून झाल्यावर पहिल्या रांगेत बसतात आणि मोठ्यानं बोलतात. परवा एक बाई म्हणाल्याच, “किती गोड बोलता हो!” बाबा म्हणाले, “गोड नाही व ताई, बरोबर बोलतो.”

मॅनेजर वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. त्याला सेफ्टीची काळजी होतीच. पण त्यानं ती एका माणसाच्या तोंडावरून मोजली. ओळ समजते का, हे बावीस वर्षं ती वाचणाऱ्यांना विचारायला त्याला दोन मिनिटं लागली असती. विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं. सगळा अन्याय त्या न विचारण्यात होता, आणि तो दूर करायला राजे, कोश, शतकं कामाला आली नाहीत. सहा कामगारांची सहा उत्तरं आली.

म्हणून आता तुम्हाला सांगते, आणि आडवळणानं सांगत नाही. तुमच्या ऑफिसात, शाळेत, दुकानात, सोसायटीच्या कमिटीत असा एक माणूस आहे, ज्याच्याकडून काम करून घेतलं जातं आणि लिहिणं-बोलणं दुसऱ्याकडे दिलं जातं, कारण याची भाषा ‘बरोबर नाही’. तो कोण ते तुम्हाला माहीत आहे. हे वाचताना त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आलाच आहे. अधिकार तुमच्या हातात असेल तर ती बंदी आज उठवा, आणि ज्यांच्यासमोर घातली त्यांच्यासमोर उठवा, केबिनमध्ये बोलावून नाही. अधिकार दुसऱ्याकडे असेल तर त्याला आज एक कागद लिहा: कोणावर, कधी, कोणासमोर, आणि खाली एकच मागणी, याचं म्हणणं ज्यांच्यासाठी आहे त्यांना कळतं का ते विचारून बघा. सही स्वतःच्या नावानं करा. उद्यावर टाकू नका.